सड्यावरच्या त्या प्राण्याला एवढं काय घाबरायचं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर एक वॉटरकलर छापलं होतं, कोकणातला पावसाळी सडा (म्हणजे डोंगरावरचं कातळाचं सपाट पठार) आणि त्यावर उभा असलेला तो विचित्र प्राणी. त्यावर आलेली वाचकांची पत्रं वाचली आणि खरं सांगायचं तर चित्रापेक्षा पत्रंच जास्त विचित्र वाटली. एकाने लिहिलंय की असा प्राणी जगात कुठेच नाही. अहो नाहीच आहे, म्हणून तर काढलाय. एका ताईंना मुलांच्या मनावर परिणाम होईल याची काळजी, एकाने हे आपल्या संस्कृतीतलं नाही, पाश्चात्त्य वेडेपणा आहे असं ठोकून दिलंय, एका गृहस्थांनी डायरेक्ट निकालच दिला की हे एआयकडून करून घेतलंय, आणि एकांचं म्हणणं असं की अर्थ काय तो चित्रकाराने खाली दोन ओळीत लिहून द्यायला पाहिजे होता. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, आता रिटायर आहे, वेळ भरपूर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांब वाटलं तर कात्री लावा पण मधला नवगुंजर नावाच्या जनावराचा भाग तेवढा कापू नका.

आधी चित्र बघूया, कारण पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी ते पाच मिनिटं बघितलं असेल असं मला वाटत नाही. खाली जांभ्याचा सडा, ऑगस्टमधला, म्हणजे कातळाच्या खळग्यांत पाणी साचलेलं आणि मधे मधे बोटभर गवत. लांब डोंगराची एकच निळसर राखाडी रेघ, तीही अर्धी ढगात गेलेली. आणि उजवीकडे तो उभा. अंग गव्याचं, चांगलं धिप्पाड, पाय मात्र बगळ्याचे, काटकुळे, त्यातला एक वर उचललेला. मान नाहीच. डोक्याच्या जागी जुन्या ग्रामोफोनचा कर्णा आणि त्याच्या आत गडद अंधार. पाठीवर शेवाळ चढलंय आणि शेवाळात तेरडा फुललाय, म्हणजे हा प्राणी इथे बराच काळ हललेलाच नाही असं चित्रकाराने न बोलता सांगितलंय.

आता त्याच्या पायाशी बघा. तिथे एक डबकं आहे आणि डबक्यात त्याचं प्रतिबिंब. नवशिका काय करतो, वरचं चित्र उलटं करून खाली चिकटवतो. पण पाण्यातलं प्रतिबिंब तसं नसतं, पाणी खाली असतं, त्यामुळे त्यात वस्तूची खालची बाजू दिसते, जी आपल्याला उभं राहून दिसत नाही. या चित्रात वर कर्ण्याचं तोंड दिसतंय आणि डबक्यात दिसतोय त्याचा बुडखा, पोटाची फिकी बाजू आणि उचललेल्या पायाचा तळवा. म्हणजे जो प्राणी अस्तित्वात नाही त्याच्या पोटाखाली कसं दिसेल याचा हिशोब या माणसाने (किंवा मुलीने, खाली नुसती आद्याक्षरं आहेत) डोक्यात केलाय आणि तो बरोबर केलाय!! मी वर्गात प्रतिबिंब शिकवताना घसा कोरडा केलाय म्हणून मला याची किंमत कळते. शिवाय ज्या पायावर भार आहे त्याच्या भोवतीचं गवत दबलेलं आहे, उचललेल्या पायाखालचं नाही.

माझं म्हणणं तेवढंच आहे. अशा चित्रात प्राणी खोटा असतो, पण जमीन, उजेड, ओलावा, सावली, वजन हे सगळं खरं असावं लागतं, आणि ते खरं असेल तरच तो प्राणी तिथे उभा राहतो नाहीतर चिकटवलेल्या स्टिकरसारखा तरंगतो. त्यामुळे विचारायचा प्रश्न हा नाही की असा प्राणी असतो का, विचारायचं हे की तो तिथे उभा आहे का. या चित्रात तो उभा आहे.

एआयवाल्या गृहस्थांसाठी थोडं वेगळं. तुमच्या छपाईत लाल रंग नेहमीप्रमाणे किंचित सरकलाय तरीसुद्धा भिंग लावून बघा, गव्याच्या खांद्यापाशी पेन्सिलची रेघ राहिली आहे आणि रंग तिच्या बाहेर गेलाय, म्हणजे आधी खांदा खाली होता मग वर घेतला. आभाळात डावीकडे एक फुलकोबीच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग आहे, तो वॉश (म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर) अर्धवट वाळलेला असताना ब्रशमधलं जास्तीचं पाणी पडलं की होतो, सगळ्या वॉटरकलरवाल्यांचा जुना वैरी. आणि सड्याच्या कातळावर जी बारीक बारीक पांढुरकी नक्षी आहे ना ती मीठ टाकून केलीय, ओल्या रंगावर जाडं मीठ पसरायचं, ते पाणी ओढून घेतं आणि वाळल्यावर झटकलं की जांभ्याची सच्छिद्र दगडी तब्येत कागदावर आपोआप येते. आता मशीनला हे डाग नकलता येत नाहीत असं मी म्हणत नाही, सगळं नकलता येतं हल्ली. पण डाग कुठे पडावा याला इथे कारण आहे, खांदा का हलवला याला कारण आहे, ते सगळं कागदावर घडलेलं दिसतंय. तेव्हा कोणावर चोरीचा आळ घ्यायच्या आधी जरा बघावं आणि पेपरने पण असं पत्र छापायच्या आधी चित्रकाराला एक फोन करायला हरकत नव्हती.

सगळं गुणगान करायला बसलोय असं नाही हां. पावसाचे थेंब दाखवायला वरून पोस्टर कलरचा पांढरा मारलाय तो मला खटकला. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागदच, तो राखून ठेवायचा असतो, आधी ठरवून, नंतर आठवण झाली म्हणून वरून ठिपके दिले की ते दह्याच्या शिंतोड्यांसारखे दिसतात आणि तसेच दिसतायत. आणि डोंगराचा निळा जरा गोड झालाय, ऑगस्टात आमच्याकडे एवढा निळा नसतो, राखाडी असतो. असो.

आता "हे आपल्या संस्कृतीतलं नाही, पाश्चात्त्य वेडेपणा आहे" या वाक्याकडे येतो, कारण खरा राग मला त्याचा आलाय. ज्यांनी हे लिहिलं ते देवळात जात असतील तर जुन्या दगडी देवळाच्या गाभाऱ्याचा उंबरठा ओलांडताना खाली एकदा बघा, तिथे कीर्तिमुख असतं. वटारलेले डोळे, शिंगं, सुळे, आणि धड नाही. गोष्ट अशी सांगतात की जालंधर दैत्याने राहूला शंकराकडे नको ती मागणी घेऊन पाठवलं, शंकराच्या कोपातून एक भुकेलं भूत निर्माण झालं आणि राहूवर धावलं, राहू शरण आला, मग भुताने विचारलं की आता मी खाऊ काय, तर शंकर म्हणाले स्वतःलाच खा, आणि त्याने पायापासून खात खात तोंड तेवढं शिल्लक ठेवलं. यापेक्षा जास्त सर्रियल, म्हणजे स्वप्नातल्यासारखं अतर्क्य, काय असतं हो? आणि ते आपण कुठे कोरलंय तर उंबरठ्यावर, जिथून लहान मुलं पण रोज जातात, त्यांच्या मनावर काही परिणाम झाल्याचं ऐकिवात नाही. किल्ल्यांच्या दरवाजावर शरभ असतो, वाघासिंहासारखं अंग आणि पंजात हत्ती धरलेले, इतके छोटे की उंदीर वाटावेत. गंडभेरुंड असतो, एका धडाला दोन डोकी. देवळाच्या अभिषेकाचं पाणी ज्यातून बाहेर पडतं तो मकर, सोंड हत्तीची, जबडा सुसरीचा, शेपूट कधी माशाची तर कधी नुसती वेलबुट्टी. ट्रेकला जाणारी पोरं त्यांच्यासोबत सेल्फी काढतात, कोणी विचारत नाही असा प्राणी असतो का. मग तोच प्राणी कागदावर आला आणि त्याच्या मागे खरा डोंगर आला की लगेच विकृती कशी काय होते?

नवगुंजर म्हणून एक आहे ओडिशात, आपल्याकडे फार लोकांना माहीत नसतो. सारळा दास या कवीने 15व्या शतकात ओडियात महाभारत लिहिलं, त्यातला हा प्रसंग, व्यासांच्या महाभारतात तो नाही. अर्जुन डोंगरात तप करत असतो आणि समोर एक जनावर येऊन उभं राहतं. डोकं कोंबड्याचं, मान मोराची, वशिंड बैलाचं, कंबर सिंहाची, शेपटी म्हणजे साप, आणि चार पायांतला एक हत्तीचा, एक वाघाचा, एक घोड्याचा (काही ठिकाणी हरणाचा दाखवतात), आणि चौथा पाय म्हणजे पायच नाही, माणसाचा हात आहे, वर उचललेला आणि त्यात कमळ. अर्जुन घाबरून धनुष्य उचलतो, आणि मग त्याला तो हात दिसतो. असं जनावर जगात नाही आणि त्याच्या हातात कमळ आहे, म्हणजे हे दुसरं कोणी असूच शकत नाही, हा कृष्ण, असं ओळखून तो धनुष्य खाली टाकून पाया पडतो. तिकडच्या रघुराजपूर गावचे पटचित्रकार, म्हणजे कापडावर पारंपरिक चित्रं काढणारे, हा प्रसंग आजही काढतात, पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या शिखरावरच्या नीलचक्रावर (धातूचं मोठं चक्र) पण नवगुंजर आहेत आणि तिकडच्या गंजपा पत्त्यांमध्ये एका संचात राजा म्हणून नवगुंजर आणि वजीर म्हणून अर्जुन असतो.

मला यात आवडतं ते हे की अर्जुनाने जनावर शेवटपर्यंत बघितलं. आपले पत्रलेखक कोंबड्याच्या डोक्यापाशीच धनुष्य उचलून मोकळे झाले.

आणि हो, हे पटचित्र सुद्धा पाण्यात कालवलेल्या रंगांचंच असतं. कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावून ते घोटून गुळगुळीत करतात, शंखाचा पांढरा, दगड उगाळून केलेले लाल पिवळे, दिव्याच्या काजळीचा काळा, आणि बांधायला कवठाच्या झाडाचा डिंक. तुमच्या आमच्या कॅमलच्या ट्यूबमध्ये तरी दुसरं काय असतं, रंगाची पूड आणि बाभळीच्या जातीतल्या झाडाचा डिंक, बाकी पाणी आपण घालतो. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, पण हातानेच रंगवतात, त्यात दशावतारी संच असतो आणि त्या गोल चकत्यांवर मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह आरामात बसलेले असतात. सावंतवाडीपासून जवळच कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, त्यातले राक्षस बघा एकदा. तेव्हा जलरंग इंग्रजांनी आणला आणि विचित्र प्राणी फ्रेंचांनी आणले असं कोणी सांगत असेल तर त्याला थोडं फिरवून आणायला पाहिजे.

मग आपल्या डोळ्याला हे चित्र परकं का वाटतं? माझ्या मते याचं कारण आपलंच चांगलं काम आहे. महाराष्ट्रात जलरंग म्हणजे निसर्गचित्र आणि व्यक्तिचित्र हे समीकरण पक्कं बसलंय आणि ते बसवणारी माणसं साधी नव्हती. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, तळ्याकाठचा उजेड जसा त्यांनी पकडला तसा अजून कोणाला जमलेला नाही. चित्रकार म. वि. धुरंधर. सावंतवाडीचे हळदणकर, दिवा हातात घेतलेल्या मुलीचं त्यांचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, बोटांमधून येणारा तो उजेड बघायला लोक रांगेत उभे राहतात. 1857 साली मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट ही कलाशाळा सुरू झाली तेव्हापासून डोळ्याला जे दिसतं ते जसंच्या तसं उतरवणं ही आपल्याकडे हुशारीची खूण झाली, आणि पुढे ते झिरपत झिरपत शाळेत आलं. एलिमेंटरी इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा ज्यांनी दिल्या असतील त्यांना आठवत असेल, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती अक्षरलेखन. स्मरणचित्राला विषय काय तर बाजार, बस स्टॉप, बागेतली मुलं. मी पण तेच शिकवलं आणि दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून पालकांनी पण मुलांना आनंदाने पाठवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, हात तयार व्हायला ते लागतंच. पण स्मरणाला पेपर आहे आणि कल्पनेला पेपर नाही, त्यामुळे चौथीपर्यंत तीन डोळ्यांचे कुत्रे काढणारी पोरं आठवीत येईपर्यंत सगळी एकच बाजार काढायला लागतात, तोच भाजीवाला, तीच छत्री, तीच पाठमोरी बाई. घाट, वाडा, देऊळ, होडी. हल्ली तर डेमोला गर्दी करून लोक एकाच वाड्याची चित्रं काढून इन्स्टाग्रामला टाकतात आणि ती सगळी सुंदरच असतात, पण त्या वाड्यातून काहीतरी अनपेक्षित बाहेर यावं असं कोणालाच वाटत नाही, बाहेर येते ती सायकल.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण देतो, चित्रकार पॉल क्ले. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, बाप संगीत शिकवणारा, स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवायचा, आणि जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेत शिकवायचा. 1922 साली त्याने कागदावर जलरंग आणि शाईत एक चित्र केलं, निळसर गुलाबी धुक्यासारखा वॉश, त्यात एका तारेवर चार काटकुळे पक्षी, चोची उघड्या, आणि तारेला जोडलेला एक हँडल. हँडल फिरवला की पक्षी गाणार. खाली एक चौकोनी खड्डा आहे, तो कशासाठी आहे ते त्याने सांगितलं नाही. गंमत वाटते आणि थोड्या वेळाने गंमत वाटायची थांबते. बर्लिनच्या सरकारी संग्रहालयाने ते विकत घेतलं, पुढे नाझी आले आणि त्यांनी अशी सगळी चित्रं सडलेली, अधःपतित म्हणून भिंतीवरून उतरवली, 1937 मध्ये म्युनिकला लोकांनी हसावं म्हणून मुद्दाम प्रदर्शन लावलं त्यात क्लेची 17 कामं होती. पक्ष्यांचं ते चित्र पण जप्त होऊन विकलं गेलं आणि 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेलं, तिथेच आहे. (मी पत्रलेखकांना नाझी म्हणत नाहीये, कृपया त्यावरून पुढच्या आठवड्यात पत्रं नकोत. एवढंच म्हणतोय की "हे आपल्या संस्कृतीतलं नाही" हे वाक्य जुनं आहे आणि ते आधी कोणकोण बोलून गेलंय ते बघून बोलावं.)

यातली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे त्याच 1922 च्या डिसेंबरात क्ले, कँडिन्स्की वगैरे बाउहाउस मंडळींची चित्रं कलकत्त्याला आली होती. शांतिनिकेतनात शिकवणाऱ्या स्टेला क्रामरिश बाईंनी पत्र लिहून मागवली, इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात आपल्या लोकांच्या चित्रांसोबत ती लागली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्याचा माणूस धोतर नेसून ही चित्रं बघून घरी गेला आणि जेवला. आणि रवींद्रनाथ, ते तर कवितेच्या वहीत खोडाखोड केली की त्या खोडलेल्या शब्दांना रेघांनी जोडत जायचे आणि त्यातून चोच निघायची, पंजा निघायचा, साठी उलटल्यावर तेच करता करता ते चित्रकार झाले. 1930 मध्ये पॅरिसला पहिलं प्रदर्शन झालं त्यांचं. दोन हजाराच्या वर चित्रं आहेत आणि त्यातले कितीतरी प्राणी कुठल्याच प्राणिसंग्रहालयात मिळणार नाहीत.

म्हणजे प्राणी बऱ्याचदा "सुचत" नाही, तो डागात सापडतो, हे सांगायचं होतं. लिओनार्दो दा विंचीने लिहून ठेवलंय की ओल आलेल्या डागाळलेल्या भिंतीकडे बघत बसा, त्यात डोंगर, लढाया, चेहरे दिसतील. आता आम्हा कोकणातल्या लोकांना हे कोणी इटलीहून सांगायची गरज आहे का? जून ते सप्टेंबर घराच्या मागच्या भिंतीला जी ओल चढते आणि पोपडे धरतात, त्यात काय काय दिसतं ते लहानपणी तापात पडलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि जलरंग हे माध्यम तर डाग पाडण्यातच पटाईत. कागद ओला करून त्यावर रंग सोडला की तो आपल्या मर्जीने पळतो, तेलरंगात तसं होत नाही, तिथे रंग ठेवाल तिथे राहतो. त्यात पावसाळ्यात आमच्याकडे कागद वाळतच नाही, वॉश टाकून जेवून आलं तरी ओलाच, हेअर ड्रायर घेऊन बसावं लागतं आणि नेमके तेव्हा लाईट जातात. मला खात्री आहे या चित्रकाराचा गवा पण आधी ढग होता, तो ओघळून खाली आला, मग त्याला पाय द्यावे लागले. शरीराच्या वरच्या कडेला ढगाचीच मऊ कड आहे बघा, आणि पाय मात्र कोरड्या कागदावर, धारदार.

मुलांच्या मनावर परिणाम म्हणणाऱ्या ताईंसाठी. परिणाम होतो, नक्की होतो, मी तो बघितलाय. वर्गात ऑफ तास असला की मी एक खेळ घ्यायचो, साधारण 1925 च्या सुमारास पॅरिसमधल्या सर्रियलिस्ट लोकांनी काढलेला. कागदाला घड्या घालायच्या, पहिल्याने वरच्या घडीत डोकं काढायचं, रेघा जराशा खाली येऊ द्यायच्या आणि घडी दुमडून दुसऱ्याला द्यायचा, त्याने डोकं न बघता धड काढायचं, तिसऱ्याने पाय. मग उघडायचं. जी पोरं एरवी "सर मला येत नाही" म्हणून पट्टीने झोपडी काढायची ती यात सगळ्यात पुढे असायची, कारण यात चूक होतच नाही. मग मी सांगायचो आता याला उभं करा, याच्या पायाखाली जमीन द्या, सूर्य कुठे आहे ते ठरवा आणि सावली पाडा. इथे खरी मेहनत सुरू व्हायची!! तीन पाय असलेल्या जनावराची सावली कशी पडेल यावर वर्गात भांडणं व्हायची, पोरं खिडकीत उभी राहून पेन्सिली उन्हात धरून बघायची. जे स्थिरचित्राच्या तासाला माठ आणि कांदे ठेवून डोक्यात शिरत नव्हतं ते असं शिरायचं. घाबरलेलं एकही पोर बघितलं नाही मी, उलट त्या प्राण्यांना नावं ठेवून ते काय खातात ते पण ठरवायचे.

"प्राणी जगात नाही" म्हणणाऱ्यांना गोव्याचा एक किस्सा सांगून संपवत आणतो. 1515 साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना भेट मिळालेला एक गेंडा त्यांचा इथला गव्हर्नर आल्बुकर्क याने गोव्याहून जहाजाने लिस्बनला पाठवला. युरोपात तेव्हा शतकानुशतकं कोणी गेंडा पाहिलेला नव्हता. त्याचं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन जर्मनीत चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या हाती पडलं आणि त्याने गेंडा स्वतः कधीही न बघता त्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं, अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले आणि मानेवर एक जादा छोटं शिंग. तो खराखुरा गेंडा पुढे इटलीला नेताना जहाजासकट बुडाला. पण ड्यूररचा गेंडा टिकला, पुढची दोन अडीचशे वर्षं युरोपातल्या पुस्तकांत खरा गेंडा म्हणून तोच छापला जायचा, मानेवरच्या शिंगासकट, आणि कोणी संपादकाला पत्र लिहिलं नाही.

आता तुमच्याकडे माझ्या मागण्या. एक तर चित्र छापताना खाली माध्यम आणि आकार छापत जा, हे चित्र हातभर आहे की पोस्टकार्डाएवढं हे आम्हाला कळायलाच मार्ग नाही, आणि त्याच्या वर "नाती जपण्याचे दहा उपाय" हेडिंग टाकून ते अर्ध्या पानात कोंबू नका. दुसरं, चित्राचा अर्थ छापा ही मागणी मान्य करू नका. चित्रकाराला बोलतं करायचंच असेल तर कागद कुठला, कोणता भाग आधी केला, कर्ण्याच्या आतला काळा थेट ट्यूबमधला की निळा आणि तपकिरी मिसळून केलाय (मला मिसळलेला वाटतो, त्यात किंचित जांभळी झाक आहे) हे विचारा, ते वाचायला आम्हाला आवडेल. तिसरं, दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या पानावर तो घडीचा खेळ द्या, घड्यांच्या तुटक रेघा मारलेली एक रिकामी चौकट छापलीत तरी पुरे, आणि आलेल्या चित्रांतली निवडताना सुबक कुठलं ते बघू नका, सावली कोणी बरोबर पाडलीय ते बघा. परीक्षक लागला तर मी फुकट यायला तयार आहे, चहा तेवढा द्या.

आणि त्या चित्रकाराला माझा निरोप पोचवा की पांढरे ठिपके पुढच्या वेळी नकोत, त्याऐवजी मास्किंग फ्लुइड (कागदाला रंग लागू न देणारा द्रव) वापर किंवा मेणबत्तीचा तुकडा घास, डबक्याचं काम फर्स्ट क्लास झालंय.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
(जि. रत्नागिरी)